रांगेत उभं करून अधिकारी होत नाही

गेल्या महिन्यात आमच्या गावी एका सत्कार समारंभात प्रमुख पाहुण्यांनी भाषणाच्या शेवटी हमखास टाळ्यांचं वाक्य टाकलं. "प्रत्येक कॉलेजात सैनिकी शिक्षण सक्तीचं करा, पाच वर्षांत महाराष्ट्रातून लष्करी अधिकाऱ्यांची रांग लागेल!" टाळ्या पडल्या. पालकांनी माना डोलावल्या, संस्थाचालकांनी जागेवरूनच 'वा वा' केलं. माझ्या शेजारी एक निवृत्त सुभेदार मेजर बसले होते. ते कानाशी येऊन म्हणाले, "सर, साहेबांना एकदा दहा दिवसांच्या कॅम्पचा मेस चालवायला द्या. मग बोलू."

मी सव्वीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं आणि त्यातली एकोणीस वर्षं एनसीसीची, म्हणजे राष्ट्रीय छात्रसेनेची, कंपनी सांभाळली. तिशी उलटल्यावर कामठीच्या एनसीसी अकादमीत जाऊन, माझ्याहून वयाने लहान हवालदाराच्या आरोळीवर 'पीछे मुड' करायला शिकलो. खाकी मी आवडीने घातली. हा लेख सैन्याच्या नावाने नाकं मुरडणाऱ्याचा नाही, एवढं आधीच सांगून टाकतो, कारण या विषयावर जरा वेगळं बोललं की पहिला दगड तोच येतो.

पाहुण्यांचं म्हणणं त्यांच्या एकट्याचं असतं, तर मी चहा पिऊन घरी आलो असतो. पण ही मागणी दर दोन-चार वर्षांनी नव्या कपड्यात येते. २०१८ मध्ये संरक्षणविषयक संसदीय समितीने सरकारी नोकरीत जाऊ पाहणाऱ्यांना आधी पाच वर्षं लष्करी सेवा सक्तीची करावी, असं सुचवलं होतं. २०२५ च्या जूनमध्ये राज्याच्या शालेय शिक्षणमंत्र्यांनी पहिलीपासूनच्या मुलांना माजी सैनिकांकडून प्राथमिक सैनिकी शिक्षण देण्याची घोषणा केली. आणि यामागचं दुखणं खोटं नाही. २०२३ च्या सुरुवातीला, वैद्यकीय अधिकारी धरून, भूदलात अधिकाऱ्यांच्या आठ हजारांहून अधिक जागा रिकाम्या होत्या, हे सरकारनेच संसदेत सांगितलं आहे. यावरून पाहुणे हिशेब मांडतात तो असा: जागा रिकाम्या आहेत, कॉलेजात पोरं मोकळी आहेत, पोरांना परेडला उभं करा, जागा भरतील.

हिशेब सोपा आहे. फक्त तो एकदा करून झालेला आहे, आणि चुकलेला आहे.

१९६२ च्या चीन युद्धानंतर देश हादरला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. पुढच्या वर्षी, १९६३ मध्ये, दोन गोष्टी झाल्या. एक, कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली. दोन, तातडीने अधिकारी तयार करण्यासाठी पुण्यात आणि मद्रासला ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल उघडली. पहिलीत लाखो पोरं होती, दुसरीत निवडून घेतलेले तरुण. सक्तीची एनसीसी पाच वर्षांत, १९६८ मध्ये, गुंडाळून पुन्हा ऐच्छिक करावी लागली. पुण्याची शाळाही दोन वर्षांच्या आत बंद झाली, कारण तिचं काम संपलं होतं. मद्रासची मात्र चालू राहिली, १९८८ मध्ये तिचं नाव ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी झालं, आणि आजही पदवीधर मुलगा किंवा मुलगी शॉर्ट सर्व्हिस कमिशनसाठी तिथे जाते. संकटाच्या वेळी जे अधिकारी मिळाले, ते स्वतः अर्ज करून निवड मंडळासमोर उभे राहिलेल्यांतून मिळाले. हजेरीच्या भीतीने मैदानावर आलेल्यांतून मिळाले असते, तर सरकारने ती हजेरी पाच वर्षांत सोडून दिली नसती.

माझे वडील त्या पाच वर्षांतले कॉलेजकुमार. ते सांगायचे, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी परेड, आणि परेडच्या दिवशी निम्म्या कॉलेजाला ताप. हजेरी न भरल्यास परीक्षेला बसता येणार नाही, असा धाक. म्हणून एक जण चौघांची हजेरी द्यायचा, प्रत्येक वेळी आवाज बदलून. एका गणवेशात दोन भाऊ जायचे, धाकट्याच्या कमरेला पट्टा बसायचा नाही म्हणून तो सुतळीने बांधायचा. शिकवणारा एक, समोर चारशे. वडिलांना आयुष्यभर त्या परेडमधली एकच गोष्ट नीट यायची: बुटाला पॉलिश. ते खरोखर उत्तम करायचे. पण त्याला अधिकारी घडवणं म्हणता येत नाही. १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना आली ती या घोळानंतर, मुलांना दुसरं काहीतरी करू द्यावं म्हणून.

हा इतिहास पाहुण्यांना माहीत नसेल, तर हरकत नाही. कार्यक्रमाला बोलावलेल्या माणसाने सगळं वाचून यावं, अशी अपेक्षा मी ठेवत नाही. पण आजची गोष्ट तरी त्यांनी आमच्या मैदानावर येऊन बघावी.

माझ्या कंपनीत तिन्ही वर्षांचे मिळून एकशे साठ छात्र असत. म्हणजे दर वर्षी नवीन भरती पन्नास-पंचावन्नची. जुलैत, प्रवेश संपत आले की सकाळी सहाला मैदानावर निवड असायची. पाऊस असो, चिखल असो, तीनशे पोरं यायची. काही जण आदल्या दिवशीच्या मुक्कामी एसटीने येऊन स्टँडवर झोपलेले. काहींच्या पायात बूट नसायचे, मित्राचे घालून सोळाशे मीटर पळायचे आणि धावपट्टीच्या शेवटी काढून पुढच्याला द्यायचे. मुलींची रांग गेल्या दहा वर्षांत मुलांच्या रांगेएवढी झाली आहे. उंची मोजायची, धाव घ्यायची, चार प्रश्न विचारायचे आणि मग अडीचशे पोरांना 'पुढच्या वर्षी बघू' सांगून परत पाठवायचं. पुढच्या वर्षी ती यायची नाहीत, कारण दुसऱ्या वर्षाला घेतलं तर एनसीसीच्या सी प्रमाणपत्राला तीन वर्षं पुरत नाहीत. एकदा एक आई दुपारी माझ्या खोलीत येऊन बसली. म्हणाली, "सर, त्याला घ्या. डबा, कपडे, बूट सगळं आमचं. तुम्ही फक्त उभं राहू द्या." मला जागा नव्हती.

ज्यांना यायचं आहे, अशी अडीचशे पोरं आम्ही दर वर्षी गेटबाहेर घालवतो, आणि भाषणं होतात ती ज्यांना यायचं नाही त्यांना पकडून आणण्याची. तीन हजार विद्यार्थ्यांच्या कॉलेजात सक्ती करायची म्हटली, तर एकशे साठला एक या हिशेबाने एकोणीस प्राध्यापक लागतील. आमच्याकडे मराठीचा वर्ग तासिका तत्त्वावरचा मुलगा घेतो, रसायनाची जागा चार वर्षं रिकामी आहे. हे एकोणीस जण कुठून येणार, कामठीला कधी जाणार, आणि त्यांचे तास कोण घेणार, हे कुणी तरी सांगावं. गणवेश, रायफली, गोळीबाराचं मैदान हे तर पुढचे प्रश्न.

आता इस्रायल. सक्तीचा विषय निघाला की इस्रायल येतोच. तिथे अठराव्या वर्षी सैन्यात जावं लागतं, हे खरं. पण कॉलेज बहुतेकांच्या वाट्याला त्यानंतर येतं, आणि अधिकारी निवडले जातात ते आधीच सैनिक म्हणून काम करणाऱ्यांतून. कॉलेजातल्या परेडशी त्याचा संबंध नाही. उदाहरणच द्यायचं, तर अमेरिकेचं द्या. तिथे १८६२ च्या कायद्याने सरकारी जमिनीच्या जोरावर उभ्या राहिलेल्या कॉलेजांना लष्करी शिक्षण देणं बंधनकारक केलं, १९१६ मध्ये त्याला आरओटीसी, म्हणजे राखीव अधिकारी प्रशिक्षण दल, हे रूप आलं, आणि कित्येक विद्यापीठांत मुलांना पहिली दोन वर्षं ते सक्तीचं होतं. साठच्या दशकात एकेका विद्यापीठाने ती सक्ती सोडली. १९६४ मध्ये त्यांनी काय केलं? शिष्यवृत्त्या सुरू केल्या. ज्याला यायचं आहे, त्याची फी भरायची, त्याच्याकडून सेवेचा करार लिहून घ्यायचा, आणि पदवीच्या दिवशीच त्याच्या खांद्यावर सेकंड लेफ्टनंटची खूण लावायची. आज त्यांच्या भूदलाला वेस्ट पॉइंटपेक्षा जास्त अधिकारी या ऐच्छिक वाटेने मिळतात.

आपली एनसीसी तशी नाही, आणि इथेच पाहुण्यांची खरी गल्लत आहे. १९४६ मध्ये हृदयनाथ कुंझरूंच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने जो आराखडा दिला आणि १९४८ मध्ये जो कायदा झाला, त्यात छात्रावर लष्करी सेवेचं बंधन नाही. उद्या युद्ध झालं, तरी छात्राला आघाडीवर पाठवता येत नाही. एनसीसी चांगला नागरिक घडवते, त्यातल्या काहींना सैन्याची ओढ लावते. सी प्रमाणपत्र हातात असलं, तर एनसीसी स्पेशल एंट्रीत लेखी परीक्षा माफ होते आणि सरळ एसएसबीला, म्हणजे सेवा निवड मंडळासमोर, जाता येतं. पण त्या वाटेने एका कोर्सला पन्नास ते सत्तर मुलगे आणि पाच-सहा मुली घेतात. सीडीएसमधून, म्हणजे संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेतून, देहरादूनच्या लष्करी अकादमीत शंभर जागा असतात, त्यातल्या तेरा सी प्रमाणपत्रवाल्यांसाठी राखीव. दारं एवढी रुंद आहेत. बाहेर उभ्या असलेल्यांची संख्या दहापट केली, म्हणून ती रुंद होत नाहीत. सीडीएसला आजही अर्ज लाखांनी येतात. गर्दी कमी पडली म्हणून जागा रिकाम्या राहिल्या, असं कधीच नव्हतं.

मग पोरं अडतात कुठे? ती अडतात एसएसबीत.

भोपाळ, प्रयागराज, बंगळुरू, जालंधर. स्टेशनवर उतरल्यापासून पोराचं नाव जातं आणि छातीवर नंबर येतो. पाच दिवस. पहिल्या दिवशी बुद्धिचाचणी, मग एक धूसर चित्र तीस सेकंद दाखवतात, त्यावर गोष्ट लिहायची, ती गटात सांगायची आणि मग सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. इथे जो कलकलाट होतो, त्याला पोरं स्वतःच फिश मार्केट म्हणतात. दुपारपर्यंत निम्म्याहून अधिक जण स्क्रीन आउट होऊन परतीच्या गाडीत. राहिलेल्यांना दुसऱ्या दिवशी मानसशास्त्राच्या चाचण्या: बारा चित्रं, त्यातलं शेवटचं कोरं, साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, साठ प्रसंग, अर्धा तास. मग दोन दिवस मैदानावर. एक फळी, एक बल्ली, एक रस्सी, आठ-दहा जणांचा गट आणि मध्ये पार करायचं अंतर. लाल रंगाच्या भागाला हात लावायचा नाही. शेजारी वही घेऊन उभा असलेला अधिकारी काहीच बोलत नाही. तो बघतो. कोण ओरडतो, कोण ऐकतो, कोणाची युक्ती फसली तरी तो दुसरी शोधतो, कोण फळी धरून गप्प उभा राहतो आणि त्याच्यामुळेच बाकीचे पलीकडे जातात.

अधिकाऱ्याचे म्हणून जे पंधरा गुण तिथे शोधतात, त्यात छाती किती पुढे काढता येते हा गुण नाही. परेड मला आवडते, तिने अंग सरळ होतं आणि सकाळी उठायची सवय लागते. पण परेडचा सगळा मुद्दा असा की विचार न करता आज्ञा पाळायची. एसएसबीचा सगळा मुद्दा उलटा: आज्ञा देणारा कुणी नाही, आता तू काय करतोस? चारशे पोरांना एका शिट्टीवर वळवून या प्रश्नाचं उत्तर शिकवता येत नाही.

खासगी क्लासवाल्यांनी यावर आपला उपाय काढला आहे. कोऱ्या चित्रासाठी पाठ केलेली गोष्ट, साठ शब्दांसाठी तयार वाक्यं, 'माय मदर इज माय इन्स्पिरेशन' वगैरे. एका क्लासमधून आलेल्या चार मुलांना मी गंमत म्हणून कोऱ्या चित्रावर गोष्ट लिहायला सांगितली, तर चौघांच्या गोष्टीत नायक एकाच नदीच्या पुरातून एकाच गावाला वाचवत होता. एसएसबीतल्या मानसशास्त्रज्ञाने तो पूर किती वेळा वाचला असेल, देव जाणे. क्लासची फी चौघांनीही भरली होती, एकाच्या बापाने त्यासाठी बैल विकला होता.

या पंधरा गुणांचं काय करायचं, हा प्रश्न मग कॉलेजाकडे येतो, आणि इथे मला आमच्याच बिरादरीला दोन शब्द सुनवायचे आहेत. आमच्या कॉलेजांत मुलगा तीन वर्षांत एकही निर्णय घेत नाही. सहल कुठे न्यायची, ते प्राध्यापक ठरवतात. स्नेहसंमेलनात कोणतं गाणं वाजणार, त्याची यादी सांस्कृतिक समिती तपासते. नव्वदच्या दशकापासून विद्यार्थी निवडणुका बंद आहेत. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्या पुन्हा आणायची तरतूद झाली, पण मतपेटी काही कॉलेजात आली नाही. वर्गप्रतिनिधी म्हणजे गुणवत्ता यादीतला पहिला मुलगा, त्याला विचारलेलंही नसतं. वर्गात प्रश्न विचारणारा आगाऊ, न विचारणारा गुणी. विशीतल्या पोराला महाविद्यालयाच्या गेटबाहेर चहा प्यायला जायचं, तर ओळखपत्र ठेवून जावं लागतं. आणि हेच संस्थाचालक व्यासपीठावर सांगतात की आमची मुलं नेतृत्वात कमी पडतात, त्यांना परेड सक्तीची करा. तीन वर्षं ज्याला हुकूम ऐकायलाच शिकवलं, त्याला चौथ्या वर्षी भोपाळला विचारतात, 'कमांडर म्हणून तुझी योजना काय?' तो बिचारा इकडेतिकडे बघतो. सर कुठे आहेत?

या बाबतीत कॅम्पची एक गोष्ट सांगतो, कारण सुभेदार मेजर मेसबद्दल का बोलले, ते तिच्यात आहे.

दहा दिवसांचा वार्षिक कॅम्प, पाचशे छात्र. चौथ्या दिवशी दुपारी पाण्याचा टँकर आला नाही. फोनवर 'निघालाय' आणि 'रस्त्यात आहे' चालू होतं. मी बैठकीत अडकलो होतो. मेस ड्यूटीवर दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. घरचं दूध संकलन, पहाटे पाचला गवळ्यांची कॅन मोजून घ्यायचं काम तिचंच. तिने टाकी वाजवून बघितली, पाणी जेमतेम स्वयंपाकापुरतं. तिने भात, आमटी, भाजी, पोळ्या असं ठरलेलं सगळं थांबवून आचाऱ्याला एका मोठ्या पातेल्यात खिचडी लावायला सांगितली. ताटं धुवायला पाणी नाही म्हणून दोघांना सायकलवर गावात पाठवून पत्रावळ्या आणवल्या. तिसऱ्याला शेजारच्या मळ्यात धाडलं, विहिरीवरची मोटर तासभर चालवता का म्हणून विचारायला. पलटणीप्रमाणे वाढपाची रांग लावली, मुलींची आधी नाही आणि मुलांचीही आधी नाही, ज्यांची दुपारी फायरिंग होती त्यांची आधी. मी बैठकीतून आलो, तेव्हा शेवटची पंगत उठत होती. म्हणाली, "सर, मी विचारायला आले होते. तुम्ही मीटिंगमध्ये होता. मग मी केलं."

टँकर संध्याकाळी सातला आला.

पुढचा भाग असा. पत्रावळ्यांचं साडेसहाशे रुपयांचं बिल मी हिशेबात लावलं, तर ते परत आलं. खरेदीपूर्वी तीन दरपत्रकं मागवली नव्हती. छात्राने स्वतःच्या अधिकारात खरेदी कशी केली, याचा लेखी खुलासाही मागवला गेला. मी खुलासा लिहिला, पैसे खिशातून भरले, आणि त्या मुलीला यातलं काही सांगितलं नाही. एनसीसीच्या एकोणीस वर्षांत अधिकारी कसा असतो हे मला ज्या दिवशी सर्वांत स्वच्छ दिसलं, त्या दिवसाचं सरकारी दप्तरातलं नाव 'अनियमित खरेदी' असं आहे.

ती मुलगी पुढे एसएसबीला गेली. पहिल्यांदा पाचव्या दिवशी कॉन्फरन्स आउट होऊन परत आली, आठवडाभर कुणाशी बोलली नाही. दुसऱ्यांदा रेकमेंड झाली, मेडिकलही पास झाली. मुलाखतीत तिला कॅम्पबद्दलच विचारलं होतं. मग गुणवत्ता यादी लागली. मुलींच्या जागा पाच, तिचा नंबर आठवा. मेरिट आउट. तिला परेड कमी पडली होती का? पाहुण्यांनी सांगावं.

आता प्रतिपक्षाचं जे खरं आहे, ते मान्य करायला हवं. मराठी पोरं एसएसबीत इंग्रजीला बिचकतात, हे खरं आहे. गटचर्चेत विषय कळत असतो, मुद्दाही असतो, पण पहिलं वाक्य जुळवेपर्यंत दिल्ली-देहरादूनचा पोरगा चौथ्या मुद्द्यावर पोचलेला असतो. माझा अनुभव असा की मोडकं इंग्रजी चालून जातं, गप्प बसणं चालत नाही. हा गप्पपणा मात्र आम्ही बारावीपर्यंत आणि मग कॉलेजात घोटवून घोटवून पक्का केलेला असतो. शिस्तीचं म्हणाल, तर आमच्या खेड्यातल्या पोराला शिस्त शिकवायची गरज मला फारशी वाटली नाही. पहाटे चारला पाण्याची पाळी धरणारा मुलगा सहाच्या परेडला वेळेवर येतोच. त्याला कुणी विचारलेलं नसतं, एवढंच.

आणि महाराष्ट्र या प्रश्नाकडे कधी बघतच नव्हता, असंही नाही. १९६१ मध्ये देशातली पहिली सैनिकी शाळा साताऱ्यात निघाली. एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, खडकवासल्यात असूनही तिथे मराठी मुलं थोडी दिसतात, म्हणून १९७७ मध्ये राज्याने औरंगाबादेत सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था काढली. तिची पद्धत बघा: दहावीनंतर निवडलेली थोडी मुलं, दोन वर्षं एकत्र राहणं, खेळणं, बोलणं. हजारोंना उभं करायच्या मोहात ती कधी पडली नाही. पण ही सोय बारावीच्या मुलासाठी. पदवीच्या मुलाला काय? नाशिक रोडला सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. सीडीएसची तयारी अडीच महिने, एसएसबीची दहा दिवस, राहणं-जेवण-शिकवणं फुकट. चांगलं केंद्र आहे, शिकवणारे जीव तोडून शिकवतात. पण वीस वर्षांचा अबोला दहा दिवसांत फुटत नाही. आणि त्या केंद्राची जाहिरात जिल्ह्याच्या पानावर एका कोपऱ्यात येते, ती कॉलेजच्या फलकावर लागेपर्यंत अर्जाची मुदत गेलेली असते. मी माझ्या खोलीबाहेर ती दर वेळी चिकटवायचो, दुसऱ्या दिवशी तिच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचं पोस्टर असायचं.

रिकाम्या जागांचं आणखी एक कारण आहे, ते परेडच्या भाषणात कधी येत नाही. शॉर्ट सर्व्हिस म्हणजे दहा वर्षं, वाढवून मिळाली तर चौदा. पेन्शनला वीस लागतात. पस्तिशीला येताना मेजर साहेब पुन्हा नोकरी शोधायला बाहेर. हे ऐकल्यावर बँकेची जाहिरात पुढे सरकवणाऱ्या बापाला मी देशद्रोही म्हणणार नाही. त्याचं उत्तर दिल्लीने द्यायचं आहे, आमच्या मैदानाने नाही.

तेव्हा खर्चच करायचा असेल, तर तो सक्तीवर करू नका. प्रत्येक मोठ्या कॉलेजात एक कंपनी आणखी द्या, म्हणजे परत जाणाऱ्या अडीचशेतली पन्नास तरी आत येतील. प्राध्यापक दोन ठेवा. आणि ज्याला पैसा लागत नाही, तेही करा: सहलीचा हिशेब मुलांच्या हातात द्या, स्नेहसंमेलनाचं बजेट त्यांना मांडू द्या, कॅम्पचा मेस खरोखर त्यांना चालवू द्या आणि पत्रावळ्यांच्या बिलावर सही करा. एखादी सहल फसेल, एखादी खिचडी करपेल. अर्थशास्त्राच्या तासाला दहा-दहाच्या गटात बसवून ऊसदराच्या प्रश्नावर भांडू द्या, आधी मराठीत, महिन्याभराने इंग्रजीत. मी ते शेवटची सहा वर्षं केलं. सगळे अधिकारी झाले नाहीत, दोघे झाले. बाकीच्यांतला एक आता गावचा सरपंच आहे आणि ग्रामसभेत माझंच ऐकत नाही.

मी निवृत्त झालो. माझ्या जागी एक तरुण प्राध्यापक आला आहे, तो कामठीहून गेल्याच वर्षी परतला. जुलैत प्रवेश संपले की सकाळी सहाला मैदानावर निवड आहे. तीनशे पोरं येतील, पन्नास घेतली जातील, आणि उरलेल्यांना परत जा म्हणून सांगायचं काम त्याला एकट्याला करावं लागेल. प्रमुख पाहुण्यांना माझं आग्रहाचं निमंत्रण आहे. त्या सकाळी त्यांनी यावं, हार-तुरे नाहीत, माइक नाही, आणि त्या अडीचशेंना काय सांगायचं ते त्यांनी सांगावं.